लिनक्स मिंट २२.१: सासऱ्यांच्या जुन्या लॅपटॉपवर टाकलं, पाचातले चार स्टार

आधी स्टार सांगून टाकते म्हणजे घाईवाले सुटतील. पाचातले चार. पाचवा का कापला ते खाली मराठी टायपिंगच्या भागात येईलच, तिथे मी जरा जास्त बोलणारे, आधीच माफी.

लिनक्स मिंट म्हणजे विंडोजच्या जागी टाकायची फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, लिनक्सचा एक प्रकार. व्हर्जन २२.१, सिनॅमन एडिशन (म्हणजे त्यातला नेहमीचा डेस्कटॉप), जानेवारी २०२५ मध्ये आलेलं. मशीन अप्पांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, सहाव्या जनरेशनचा आय थ्री, आठ जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क काढून घातलेली एसएसडी. अप्पा नौपाड्यात राहतात, बँकेतून रिटायर झालेत, आणि त्यांचं कॉम्प्युटरवरचं काम म्हणजे मेल, ई-पेपर, व्हॉट्सअ‍ॅप वेब, एफडीच्या हिशोबाची शीट आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सोसायटीच्या नोटिसा आणि ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभेचा वृत्तांत, हे सगळं मराठीत. मी ऐरोलीला, त्यामुळे काही अडलं की फोन. म्हणून माझा रिव्ह्यू 'मला किती आवडलं' या अंगाने नाहीये, मला किती फोन आले या अंगाने आहे.

आता हे खटाटोप कशाला, तर विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा लागतो. अप्पांच्या लॅपटॉपकडे दोन्ही नाही. ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानात अप्पा स्वतः चौकशी करून आले तर तिथल्या पोराने लॅपटॉप उघडून सुद्धा न बघता सांगितलं की काका हा आता भंगारात, नवीन घ्या, एक्स्चेंजला पाचशे देतो. अप्पा असे चिडले की विचारू नका. कीबोर्ड चांगला, स्क्रीन चांगला, बिजागऱ्या घट्ट, आणि भंगार कसलं. मग मला फोन, अगं तू मागे ते फुकटवालं काय म्हणत होतीस ते टाकता येईल का बघ.

तर 'सोपं लिनक्स' ही गोष्ट आमच्या पिढीने खूप वेळा ऐकलीय. उबुंटू म्हणजे लिनक्सचाच एक लोकप्रिय प्रकार, त्याचं पहिलं व्हर्जन ऑक्टोबर २००४ चं, आणि आम्ही नेरूळला कॉलेजात असताना उबुंटूवाले चक्क पोस्टाने फुकट सीडी पाठवायचे, पुढे २०११ मध्ये ते बंद केलं त्यांनी. सीडी यायची, हॉस्टेलभर फिरायची, दहा जण इन्स्टॉल करायचे आणि त्यातले नऊ जण आठवड्यात परत विंडोजवर, कारण एमपीथ्री वाजायचं नाही. वाजवायला कोडेक नावाची भानगड लागायची आणि पेटंटच्या लफड्यामुळे ती सोबत देता यायची नाही, स्वतः शोधून टाका. मिंट २००६ मध्ये क्लेमाँ लफेव्ह्र नावाच्या माणसाने सुरू केलं, उबुंटूच्याच पायावर, आणि त्याची सुरुवातीची ओळखच ही होती की गाणी आणि व्हिडिओ पहिल्या दिवसापासून चालतात. ऐकायला फालतू वाटेल पण नवखा माणूस टिकतो की पळतो ते असल्याच गोष्टींवर ठरतं, कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा कुठला आहे यावर नाही.

इन्स्टॉलबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे फार काही घडतच नाही. साईटवरून तीनेक जीबीची फाईल घ्यायची, एचर नावाच्या फुकट प्रोग्रॅमने पेन ड्राइव्हवर लिहायची, लॅपटॉप चालू करताना एफ १२ किंवा एफ ९ किंवा तुमच्या मशीनला जी चालते ती की दाबून पेन ड्राइव्हवरून बूट करायचं. इन्स्टॉल न करताच सगळं समोर उघडतं, वायफाय लागतं का, आवाज येतो का, टचपॅड चालतं का हे आधी बघून घ्या आणि मग डेस्कटॉपवरच्या इन्स्टॉलच्या आयकॉनवर क्लिक करा. मध्ये एक टिक येते मल्टिमीडिया कोडेकची, ती करा. टाइमझोनच्या नकाशावर ठाण्यावर कितीही नेम धरून क्लिक केलं तरी कोलकाताच येतं, घाबरू नका, वेळ बरोबर असते. चहा घेईपर्यंत झालं.

एक गोष्ट मात्र इथे खटकते. फाईल डाउनलोड झाल्यावर ती खरी आहे का हे तपासायला सांगतात, आणि त्याला कारण आहे, २० फेब्रुवारी २०१६ ला मिंटची साईटच हॅक झाली होती आणि डाउनलोडची लिंक भलत्याच, मागचं दार उघडं ठेवलेल्या फाईलकडे वळवली होती. टीमने स्वतःच ते जाहीर केलं, लपवाछपवी केली नाही, चांगलं केलं. पण तपासायची पद्धत अजून तीच, विंडोजवर काळी खिडकी उघडा, सर्टयुटिल नावाची तपासणीची कमांड मारा आणि येणारा चौसष्ट अक्षरी आकडा साईटवरच्या आकड्याशी डोळ्याने जुळवा. ज्याने आयुष्यात कमांड मारलेली नाही त्याच्यासाठीच हे बनवताय ना, मग पहिल्याच पायरीला हे. मी तपासलं, अप्पांनी तपासलं नसतं.

आता वेलकम स्क्रीन. माझ्या मते अख्ख्या मिंटमधली सगळ्यात हुशार वस्तू ही आहे आणि त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही, सगळे स्टार्ट मेनू विंडोजसारखा आहे हेच सांगत बसतात. मशीन पहिल्यांदा चालू झालं की एक खिडकी येते, तिच्यात डावीकडे 'फर्स्ट स्टेप्स' म्हणून भाग आहे, आणि त्यात नवीन मशीनवर माणसाने करायच्या गोष्टी एकाखाली एक, प्रत्येकासमोर दोन ओळीत हे काय आहे आणि ते उघडायचं बटण. रंग निवडा, खालची पट्टी जुन्या पद्धतीची हवी की नव्या ते निवडा, स्नॅपशॉट लावा, ड्रायव्हर बघा, अपडेट करा, सेटिंग्ज, सॉफ्टवेअर, फायरवॉल. बस एवढंच. मी मुद्दाम हात मागे घेऊन बसले आणि अप्पांना म्हटलं तुम्ही वाचा आणि करा. त्यांनी चष्मा लावून पासबुक तपासल्यासारखं एकेक वाचलं, पट्टीचा प्रकार जुना ठेवला, रंग हिरव्याचा निळा केला, ड्रायव्हर उघडून 'काही लागत नाही' असं आलं तेव्हा मान डोलावली. मला एकच प्रश्न आला, फायरवॉल चालू करू का. करा म्हटलं. एक बटण आहे.

हे मी एवढं लांबवून सांगतेय कारण 'नवख्यांसाठी सोपं' म्हणजे लोकांना वाटतं की सेटिंग कमी करा, लपवा, सगळं गुळगुळीत करा. तसं नाही. सेटिंग असू देत की शंभर, पण पहिल्या तासात त्यातल्या कुठल्या सात-आठ महत्त्वाच्या आणि कुठल्या क्रमाने, हे कोणीतरी शेजारी बसून सांगितल्यासारखं सांगा. मिंटने ते केलंय. बाकीचे बहुतेक जण स्वागताच्या नावाखाली चार चित्रं फिरवतात आणि 'चला सुरू करूया' म्हणून गायब होतात.

दुसरी भारी गोष्ट टाइमशिफ्ट. सिस्टिमचा फोटो काढून ठेवतं, काही बिघडलं तर त्या दिवसावर परत जाता येतं. मिंटमध्ये हे २०१७ च्या शेवटी व्हर्जन १८.३ बरोबर आलं आणि २०१८ ला व्हर्जन १९ आल्यावर त्यांनी अपडेटबद्दलचा सगळा विचारच बदलला. त्याआधी अपडेटला १ ते ५ अशा लेव्हल असायच्या, १ सुरक्षित, ५ धोकादायक, आणि नवखा माणूस ४ आणि ५ बघून हबकायचा आणि मग काहीच करायचा नाही. आता म्हणतात सगळं अपडेट करा, बिघडलं तर मागे जा. मला हा खरा नवख्यांचा विचार वाटतो, कारण घाबरणाऱ्या माणसाला 'काही होणार नाही हो' सांगून उपयोग नसतो, झालं तर काय करायचं ते सांगावं लागतं. अप्पांच्या इथे मी रोजचे दोन आणि आठवड्याचे दोन असे स्नॅपशॉट लावलेत, जास्त ठेवलेत तर डिस्क भरते, २५६ जीबीच्या एसएसडीत याची काळजी घ्या. आणि मशीन चालूच झालं नाही तर त्याच इन्स्टॉलच्या पेन ड्राइव्हवरून बूट करून टाइमशिफ्ट उघडायचं आणि मागे जायचं, त्यामुळे तो पेन ड्राइव्ह पुसू नका, अप्पांचा टीव्हीच्या कपाटात चिठ्ठी लावून ठेवलाय.

पण यात एक गोम आहे जी ठळक सांगायला पाहिजे. टाइमशिफ्ट तुमच्या फोटो आणि फायलींचा बॅकअप घेत नाही. होम फोल्डर मुद्दाम वगळलेलं असतं, म्हणजे मागे गेलात तरी कालची लिहिलेली नोटीस उडत नाही, हा फायदा, पण डिस्कच मेली तर नोटिसाही गेल्या. त्याला वेगळं बॅकअप टूल आहे, ते मेनूत खाली कुठेतरी, आणि फर्स्ट स्टेप्समध्ये त्याचा पत्ताच नाही. रिटायर्ड माणसाच्या मशीनवर सिस्टिम महत्त्वाची की नातवाच्या मुंजीचे फोटो, तुम्हीच सांगा.

सॉफ्टवेअर मॅनेजर ठीक. शोधा, क्लिक करा, पासवर्ड, झालं. व्हीएलसी टाकला, स्कॅनरचं आधीपासून होतंच. अडतं कुठे तर एकच अ‍ॅप दोन रूपात येतं, एक सिस्टिम पॅकेज म्हणजे मिंटच्याच साठ्यातलं आणि एक फ्लॅटपॅक म्हणजे कुठल्याही लिनक्सवर चालणारं, आणि वर एक छोटा ड्रॉपडाऊन, निवडा. का निवडू, कशावरून निवडू, काही नाही. फ्लॅटपॅक बहुतेक वेळा नवीन असतं पण पहिल्यांदा टाकताना सोबत एवढं सामान ओढून आणतं की छोट्याशा अ‍ॅपला एक जीबी डाउनलोड. व्हर्जन २२ पासून ज्यांचा मूळ बनवणारा कोण ते तपासलेलं नाही असे फ्लॅटपॅक लपवलेले असतात, हे मात्र छान केलं. आणि स्नॅप नावाचा उबुंटूचा अ‍ॅप देण्याचा प्रकार मिंटने २०२० पासून बंदच ठेवलाय, त्यावर लिनक्सवाल्यांमध्ये सासू-सुनेच्या वर भांडणं झाली, अप्पांना त्याचं काहीही पडलेलं नाही आणि मलाही नाही.

वेब अ‍ॅप्स म्हणून एक छोटं टूल आहे ते मात्र घरोघरी वापरा. साईटचा पत्ता द्यायचा, नाव द्यायचं, आयकॉन निवडायचा, आणि ती साईट वेगळ्या खिडकीत अ‍ॅपसारखी उघडते. अप्पांसाठी व्हॉट्सअ‍ॅप, ई-पेपर आणि महावितरणचं बिल असे तीन आयकॉन खालच्या पट्टीवर लावले. ब्राउझर, टॅब, बुकमार्क ही सगळी कटकट गेली. माझे अर्धे फोन या एका टूलने वाचवले असतील.

आता मराठी. बसा.

दिसायला मराठी उत्तम दिसतं, नोटो फाँट आधीच असतात, जोडाक्षरं नीट, ई-पेपर नीट, त्यात काही बोलायला जागा नाही. प्रश्न टाइप करायचा. आणि इथे मिंट नवख्या माणसाचा हात सोडून देतं. सेटिंग्ज उघडा, त्यात चार भाग आहेत. भाषा बदलायची ती 'लँग्वेजेस' मध्ये, जी प्रेफरन्सेस या भागात. कीबोर्डचा ले-आउट 'कीबोर्ड' मध्ये, जो हार्डवेअर या भागात. आणि रोमन अक्षरं मारून मराठी उमटवायचं असेल तर 'इनपुट मेथड', जी परत प्रेफरन्सेसमध्ये. फाँट अजून चौथीकडे. ज्याला फक्त 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की' एवढं लिहायचंय त्याने यातलं कुठलं दार ठोकायचं? अप्पा बरोब्बर पहिल्या दारात शिरले, लँग्वेजेस उघडून मराठी निवडलं, लॉगआउट करून परत आले, तर मेनू अर्धा मराठी अर्धा इंग्रजी झाला आणि टायपिंग होतं तिथेच, इंग्रजीत. साहजिकच आहे, कोणीही तेच करेल.

बरोबर रस्ता असा, कोणाला लागला तर घ्या. इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीचा सरकारने ठरवलेला कीबोर्ड, येत असेल किंवा शिकायची तयारी असेल तर कीबोर्ड उघडा, ले-आउट्सवर जा, अधिकचं चिन्ह दाबा, शोधायच्या जागी मराठी टाइप करा, इंग्रजीत. इनस्क्रिप्ट आणि कागपा फोनेटिक असे प्रकार दिसतात. कागपा हा कन्नड गणक परिषदेचा ले-आउट, त्याच्या मराठी रूपाला सवय लागते. इनस्क्रिप्ट घ्या. मग खाली ऑप्शन्स म्हणून बटण आहे त्यात 'दुसऱ्या ले-आउटवर जाण्याची की' शोधा, आणि ही यादी म्हणजे काय सांगू, एवढी लांब की खाली जाता जाता आपण काय शोधत होतो ते विसरायला होतं. कॅप्स लॉकने काय करावं, युरोचं चिन्ह कुठे हवं, जपानी कीबोर्डचं काय, सगळं त्यात. आम्ही आल्ट आणि शिफ्ट ठेवलं. खाली उजवीकडे छोटं चिन्ह येतं त्यावर क्लिक करूनही बदलता येतं, अप्पा तेच करतात.

रोमन टाइप करून मराठी हवं असेल तर आयबस नावाचं टायपिंगचं टूल लागतं आणि त्यासोबत एम१७एन नावाचं, भाषांचे तक्ते असलेलं पॅकेज. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून टाका, इनपुट मेथडमध्ये आयबस निवडा, लॉगआउट करून परत या, मग आयबसच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी जोडा. त्यातलं आयट्रान्स (रोमनमधून मराठी लिहायची एक पद्धत) घेतलं तर लक्षात ठेवा की ते लहान-मोठी अक्षरं मानतं, ट, ड, ण, ळ साठी मोठी अक्षरं. फोनवर जसं काहीही वेडंवाकडं टाइप केलं तरी तो अंदाजाने बरोबर शब्द देतो तसलं इथे काही नाही, जे माराल तेच उमटेल. फोनची सवय लागलेल्या माणसाला हे पहिल्या ओळीतच खटकतं. ब्राउझरपुरतं हवं असेल तर क्रोममध्ये गुगल इनपुट टूल्सचं एक्स्टेन्शन चालतं, पण ते लिब्रेऑफिसमध्ये, म्हणजे मिंटसोबत येणाऱ्या वर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये, येत नाही.

अप्पांची गाडी अडली ती 'पायऱ्या' वर. सोसायटीची नोटीस होती, बी विंगच्या पायऱ्यांवर चपलांचे स्टँड ठेवू नयेत अशी. पायर्या असं उमटायला लागलं, म्हणजे 'य' वर चढलेला रफार. अप्पा जुन्या वळणाचे, चुकीचं शुद्धलेखन असलेली नोटीस त्यांच्या सहीने लागणं शक्य नाही. एक नोटीस आणि त्यात पायऱ्या, कचऱ्याचे, दुसऱ्या मजल्यावर, सगळीकडे तेच. शेवटी इनस्क्रिप्टमध्ये ते स्वच्छ जमतं असं निघालं, शिफ्ट दाबून इंग्रजी 'जे' ची की मारली की नुक्तावाला ऱ येतो, मग डी ने पाय मोडायचा आणि मग य. तीन कीजचा खेळ. अप्पांनी इनस्क्रिप्टचा तक्ता मोठा करून प्रिंट मारला, लॅपटॉपच्या झाकणाच्या आत चिकटवला आणि दुपारची झोप सोडून सराव केला. आता माझ्यापेक्षा जास्त स्पीड आहे त्यांचा. पण रिटायर्ड माणसाकडे दुपार असते, बाकीच्यांकडे नसते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की ती फर्स्ट स्टेप्सची सुंदर खिडकी आहे ना, त्यात एक ओळ वाढवा. तुम्ही इंग्रजीशिवाय आणखी कुठल्या भाषेत टाइप करता? उत्तर दिलं की ले-आउट, आयबस, पॅकेज, बदलायची की, सगळं त्यानेच लावायचं आणि शेवटी एक रिकामी चौकट द्यायची, यात टाइप करून बघा. मशीनला इन्स्टॉल होतानाच माहीत असतं की माणूस कोलकाता टाइमझोनमध्ये आहे, म्हणजे भारतात आहे, म्हणजे दुसरी लिपी लागायची शक्यता भरपूर. निदान विचारा तरी! पोर्तुगीज नि फ्रेंच लोकांचं एका ले-आउटमध्ये भागतं, त्यामुळे बनवणाऱ्यांना हे खुपत नसावं. आपल्याकडे सीडॅक या सरकारी संगणक संस्थेचं बॉस लिनक्स आहे, २००७ पासूनचं, डेबियन नावाच्या जुन्या लिनक्सवर आधारलेलं, भारतीय भाषा हाच त्याचा मुद्दा, आणि खारघर स्टेशनसमोरून जाताना सीडॅकची इमारत दिसली की मला दरवेळी वाटतं की या लोकांनी आपलं भाषांचं काम असल्या जगभर चालणाऱ्या वेलकम स्क्रीनमध्ये घुसवलं तर किती घरांत पोचेल. केरळात सरकारी शाळा कित्येक वर्षं फ्री सॉफ्टवेअरवर चालतायत, तिथल्या पोरांना मल्याळम टायपिंगसकट सगळं लावलेलं मिळतं. आपल्याकडे एमएस-सीआयटी म्हणजे विंडोज नि ऑफिस.

पाचवा स्टार इथे गेला.

फाँटचं एक वेगळं लफडं आहे त्यात मिंटचा दोष नाही पण सांगून ठेवते. जुन्या वर्ड फायली मंगल फाँटमध्ये असतात, मंगल मायक्रोसॉफ्टचा, लिनक्सवर येत नाही, त्याच्या जागी दुसरा फाँट बसतो आणि ओळी सरकतात, एका पानाची नोटीस सव्वा पानाची होते. आम्ही मुक्ता टाकला, फुकट आहे, वाचायला मस्त, आणि कोणाला पाठवायचं तर पीडीएफ करूनच पाठवायचं असा नियम केला. त्याहून जुन्या, युनिकोडच्या आधीच्या श्रीलिपी किंवा शिवाजी फाँटमधल्या फायली असतील तर त्या त्या फाँटची फाईल तुमच्याकडे असेल तरच अक्षरं दिसतील, नाहीतर सगळी गिचमिड. तशीही त्या विंडोजवरपण हेच करतात.

प्रिंटर. घरातला नवा वायफाय प्रिंटर होता तो काहीही न करता आपोआप यादीत आला, ड्रायव्हर नाही काही नाही, हल्लीचे बरेचसे येतात. सोसायटी ऑफिसमधला जुना यूएसबी लेझर प्रिंटर मात्र आला नाही. कंपनीचं नाव घेत नाही, पण झेरॉक्सच्या दुकानादुकानात असलेलंच मॉडेल आहे. त्याला स्वतःची भाषा लागते, कंपनीने लिनक्ससाठी ड्रायव्हर काढला तो कुठल्या जमान्यातला, नवीन सिस्टिमवर तो बसवायला एवढे उपद्व्याप की मी दमले. अप्पा आता पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपने ऑफिसच्या मॅनेजरला पाठवतात, तो तिथून मारतो. इन्स्टॉल करण्याआधी लाइव्ह पेन ड्राइव्हवर असतानाच प्रिंटर जोडून एक पान काढून बघा, नंतर डोकं आपटू नका.

वायफायचंही तसंच. बहुतेक चिप लगेच चालतात, काहींना ड्रायव्हर मॅनेजरमधून टाकावं लागतं आणि त्यासाठी नेट लागतं, जे वायफायच नसल्यामुळे नसतं. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला देणं, चालू करा, काम होतं. आयटीतल्या माणसाला हे सुचतं, बाकीच्यांना खिडकीतच एका ओळीत सुचवायला काय हरकत होती.

कोणी घेऊ नये तेही सांगते. टॅलीवाले, तुम्ही नका, टॅलीप्राइम विंडोजचंच आहे आणि वाइन (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं टूल) वापरायच्या करामती करून धंद्याचे हिशोब त्यावर ठेवण्यात अर्थ नाही. आमच्या सोसायटी ऑफिसचं मशीन म्हणूनच विंडोजवर राहिलं. डिजिटल सहीचा डोंगल रोज लागणारे सीए लोक, तुम्ही पण आधी तुमच्या डोंगलचं तपासा. फोटोशॉपवाले नका. मराठी टायपिंगच्या सरकारी परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी ज्यावर परीक्षा त्याच मशीनवर सराव करावा. बाकी नेट, मेल, बँक, पेपर, युट्यूब, पत्रव्यवहार एवढंच करणारं घर असेल, आणि ठाण्यात असली घरं बिल्डिंगला दहा सापडतील, तर खुशाल टाका.

झोरिन नावाचं दुसरं लिनक्स पण बघितलं होतं, आयर्लंडचं, विंडोज १० चा सपोर्ट संपला त्याच दिवशी त्यांनी व्हर्जन १८ काढलं, टायमिंग मानलं पाहिजे, आणि दिसायला मिंटपेक्षा देखणंही आहे. पण फर्स्ट स्टेप्ससारखं काही नाही, आणि मला अप्पांसाठी देखणेपणापेक्षा तेच हवं होतं. उबुंटू स्वतः आता चांगलंच सुधारलंय, फक्त डावीकडची पट्टी आणि तळाचा स्टार्ट गायब, हे वयस्कर माणसाला परत शिकवायला लागतं.

फोनचं विचाराल तर पहिल्या आठवड्यात रोज येत होता, जास्त करून मराठीसाठीच, आणि एकदा 'अगं त्या ढालीवर ठिपका आलाय, व्हायरस तर नाही ना'. ढाल म्हणजे अपडेट मॅनेजर, ठिपका म्हणजे अपडेट आलेत. त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये ऑटोमेशनवर जाऊन अपडेट आपोआप व्हायची टिक केली, तो फोनही बंद झाला. हल्ली फोन आला तर जेवायला कधी येताय यासाठी येतो.

टाकणार असाल तर: २२ ची सगळी व्हर्जन एप्रिल २०२९ पर्यंत सपोर्टमध्ये आहेत, २२.१ च घ्या असं नाही, साईटवर जे नवीन असेल ते घ्या. रॅम चार जीबी असेल तर सिनॅमनऐवजी एक्सएफसीई ही हलकी एडिशन. हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी, नाहीतर कुठलंही लिनक्स टाका, रडतच चालणार. पेन ड्राइव्ह आठ जीबीचा पुरतो. जुन्या विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर आधी रिकव्हरी की लिहून घ्या आणि सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर काढा. आणि इन्स्टॉल करताना कीबोर्ड विचारेल तेव्हा इंग्रजीच ठेवा, मराठी नंतर जोडा, म्हणजे लॉगिनचा पासवर्ड टाकताना घोळ होणार नाही.